शिरेच्या वाटेने

जन्मतःच नीलवर्ण असलेल्या अर्भकांचा एक वर्ग असा आहे की, त्यांच्या हृदयात कोणता भाग उणा नसतो, कोणती झडप मिटलेली नसते. केवळ दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची स्थाने आपसांत बदललेली असतात. शरीरभर शुद्ध रक्त नेणारी महारोहिणी डाव्या कप्प्याऐवजी उजव्यातून निघते आणि फुप्फुसांकडे जाणारी धमनी उजव्याऐवजी डाव्यातून. त्यामुळे शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांपर्यंत न पोचताच पुन्हा शरीरात जाते, आणि फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त पुन्हा फुप्फुसांतच परतते. मातेच्या उदरात असेतो बालकाला या उलटापालटीची झळ लागत नाही, कारण त्याचा प्राणवायू नाळेतून येत असतो; जन्मानंतर मात्र, वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात राहिलेली गर्भकालीन फट आणि दोन महावाहिन्यांना जोडणारी गर्भकालीन नलिका, या दोन वाटांनी जेवढे रक्त एकमेकांत मिसळेल तेवढ्यावरच त्याला जगावे लागते, आणि या दोन्ही वाटा तर निसर्गनियमाने लवकरच मिटू लागतात. लंडनच्या मॅथ्यू बेलीने १७९७ साली या व्यंगाचे वर्णन लिहून ठेवले. त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ वैद्यकाला त्या वर्णनात भर घालता आली, पण बालकाच्या आयुष्यात घालता आली नाही. उपचारावाचून राहिलेल्या अशा बालकांपैकी सुमारे निम्मी पहिल्या महिन्यात आणि शेकडा ९० पहिले वर्ष संपण्याच्या आत दगावत.

या बालकांना मृत्यूच्या दारातून परत आणणारा पहिला सुलभ इलाज १९६६ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातून जगापुढे आला, आणि तो इलाज शस्त्रवैद्याच्या सुरीचा नव्हता. मांडीच्या शिरेतून हृदयात नेलेल्या एका बारीक नळीचा तो होता. बालकांच्या हृदयातील जन्मजात व्यंगे छाती न उघडता दुरुस्त करण्याची जी विद्या आज जगभर रूढ झाली आहे, तिचा खरा आरंभ मी त्या वर्षापासून धरतो. परंतु ती नळी तेथवर पोचली कशी, आणि जी केवळ पाहण्याचे साधन म्हणून मानली गेली होती ती बरे करण्याचे साधन कशी झाली, हे समजण्यासाठी आणखी सदतीस वर्षे मागे जावे लागते.

१९२९ साली बर्लिनच्या ईशान्येस एबर्सवाल्ड या गावातील रुग्णालयात वेर्नर फोर्समन नावाचा पंचविशीतला डॉक्टर उमेदवारी करीत होता. रुग्ण कोसळला असता लांब सुई छातीतून थेट हृदयात खुपसून औषध देण्याचा जो तत्कालीन रिवाज होता, तो त्याला फार धोक्याचा वाटे. जुन्या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतील शिरेतून नळी घालून हृदयातील दाब मोजला होता, हे त्याने वाचले होते. मग माणसाच्या हाताच्या शिरेतून तीच वाट का धरू नये, असा त्याचा प्रश्न होता. वरिष्ठांकडे त्याने परवानगी मागितली. रुग्णावर प्रयोग करण्यास मनाई झाली आणि स्वतःवर करण्यासही मनाईच झाली. तेव्हा शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुक साहित्य जिच्या ताब्यात असे त्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेला त्याने आपली कल्पना इतक्या तळमळीने समजावून सांगितली की, प्रयोग माझ्यावर करा, असे म्हणून ती स्वतःच पुढे झाली. त्याने तिला मेजावर निजवून तिचे हातपाय बांधले, तिच्या हातावर औषध लावण्याचा बहाणा केला, आणि तेवढ्या वेळात आपल्या डाव्या हाताची कोपरापुढची जागा बधिर करून तेथील शीर उघडली व मूत्रमार्गासाठी वापरावयाची ६५ सेंटिमीटर लांबीची नळी आत सरकवण्यास आरंभ केला. फसवणूक लक्षात येऊन ती संतापली. पण नळी तोवर आत गेली होती. मग ती दोघे जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेली. तेथे आलेल्या एका सहकाऱ्याने ती नळी उपसून काढण्याचा प्रयत्न केला, त्याला फोर्समनने दूर लोटले, आणि समोर धरलेल्या आरशात पडद्यावरील छाया पाहत नळीचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूस पोचेपर्यंत ती पुढे ढकलली. नंतर त्याने छायाचित्र काढून घेतले. ते छायाचित्र हाच त्याचा दाखला.

या कथेत लोकांचे लक्ष नेहमी त्या साहसाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याचा हेतू. त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने या वाटेचा विचार मांडला तो औषधोपचाराची वाट म्हणून. आणि पोटातील जंतुसंसर्गाने मरणोन्मुख झालेल्या एका रुग्णाला त्याने अशा नळीतून औषध देऊनही पाहिले होते. तो रुग्ण वाचला नाही. पुढे बर्लिनच्या विख्यात शारिटे रुग्णालयात, शस्त्रवैद्यांचे त्या काळचे सार्वभौम म्हणावे अशा साउअरब्रुख यांच्या हाताखाली तो काही काळ होता, पण तेथे त्याच्या कल्पनेला थारा मिळाला नाही. त्याने हृदयाचा नाद सोडला आणि मूत्ररोगांचा व्यवसाय पत्करला. १९३२ साली तो नाझी पक्षाचा सभासद झाला, ही गोष्टही त्याचे चरित्र सांगताना झाकून ठेवता येणार नाही. महायुद्धानंतर एका लहान गावात निर्वाहापुरता व्यवसाय करीत असता १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता आली.

ते पारितोषिक त्याच्याबरोबर न्यूयॉर्कच्या आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांना विभागून मिळाले होते. बेलव्ह्यू रुग्णालयातील या दोघांनी १९४० नंतरच्या दशकात फोर्समनची वाट पुन्हा उघडली, परंतु वेगळ्या कारणासाठी. हृदयाच्या प्रत्येक कप्प्यातील दाब किती, तेथील रक्तात प्राणवायू किती, दर मिनिटास किती रक्त बाहेर पडते, हे त्यांनी नळीच्या साह्याने मोजले आणि हृदयरोगांच्या निदानाला प्रथमच अंकांची बैठक दिली. त्यांचे कार्य थोर आहे यात शंका नाही. पण त्यामुळे असा एक दंडक होऊन बसला की, नळी घालावयाची ती पाहण्यासाठी आणि मोजण्यासाठी; करावयाचे ते शस्त्रवैद्य करील. हृदयरोगतज्ज्ञ आपला अहवाल लिहून देई आणि पुढील मुखत्यारी शस्त्रक्रियागृहाकडे जाई.

आणि शस्त्रक्रियागृहातील यश तेव्हा डोळे दिपवणारे होते, हेही खरे. १९३८ साली बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसने, आपले वरिष्ठ परदेशी गेले असता, सात वर्षांच्या एका मुलीची उघडी राहिलेली गर्भकालीन नलिका बांधून टाकली. १९४४ च्या नोव्हेंबरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हेलन टॉसिग यांच्या कल्पनेनुसार, आणि ज्याच्या हाताने ती शस्त्रक्रिया कुत्र्यांवर सिद्ध झाली होती त्या व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाला पाठीशी उभे करून, एका नीलवर्ण बालिकेवर शस्त्रक्रिया केली. १९५३ साली गिबन यांचे हृदयफुप्फुसयंत्र आले. या सर्वांपुढे शिरेतून सरकणाऱ्या एका नळीने बरे करण्याचा दावा करावा, हे कोणाच्या मनात येणे कठीणच होते.

तरीही मेक्सिकोतील रुबिओ-आल्वारेझ आणि लिमोन-लासोन या दोघांच्या मनात ते आले. १९५३ मध्येच त्यांनी मूत्रमार्गाच्या नळीत तार ओवून, ती ताणली म्हणजे टोकाशी उघडी पडून फुप्फुसधमनीच्या आकसलेल्या झडपेची कड कापील अशी तजवीज केली आणि ती रुग्णावर वापरली. त्यांचा लेख स्पॅनिश भाषेतील एका नियतकालिकात छापून आला, आणि मोठ्या वैद्यकपीठांनी त्याकडे जवळजवळ लक्षच दिले नाही. ओरेगॉनच्या चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये एका वृद्धेच्या पायाची तुंबलेली धमनी नळ्यांनी रुंद केली, तेव्हाही शस्त्रवैद्यांच्या दरबारात त्यांची फार वर्षे उपेक्षाच झाली.

आता फिलाडेल्फियाकडे वळू. तेथील बालहृदयतज्ज्ञ विल्यम रॅशकिंड यांच्यासमोरचा पेच असा होता की, महावाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बालकाला जगवावयाचे तर त्याच्या हृदयात आणखी एक व्यंग निर्माण करणे आवश्यक होते. वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र पाडले तर शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळेल आणि शरीराला काही प्राणवायू मिळेल, हे शस्त्रवैद्यांनाही ठाऊक होते. ब्लॅलॉक आणि हॅनलन यांनी १९५० साली त्यासाठी शस्त्रक्रियाही योजली होती. पण जे अर्भक आधीच गुदमरून अर्धमेले झाले आहे त्याची छाती उघडणे म्हणजे कित्येकदा त्याचा अंत जवळ आणणेच होते. टोरंटोच्या मस्टर्ड यांनी रक्ताचे प्रवाह आतल्या आत वळवण्याची शस्त्रक्रिया १९६३ साली यशस्वी केली, परंतु तिच्यासाठी बालक काही महिन्यांचे व्हावे लागे. आणि ते काही महिने जगवावयाचे कसे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

रॅशकिंड आणि त्यांचे सहकारी विल्यम मिलर यांनी जे केले ते सांगावयास सोपे आहे. नवजात बालकाच्या मांडीच्या शिरेतून, टोकाला मिटलेला फुगा असलेली नळी आत घालावयाची. पोटातील मोठ्या शिरेतून ती वर चढवून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात न्यावयाची. तेथून गर्भकालीन फटीचा पातळ पदर लोटून ती डाव्या कप्प्यात शिरवावयाची आणि ती खरोखर तेथेच आहे अशी क्ष-किरणांच्या पडद्यावर पक्की खात्री करून घ्यावयाची. मग क्ष-किरणांत दिसेल असा सौम्य द्रव भरून तो फुगा पिकलेल्या जांभळाएवढा फुगवावयाचा. आणि मग एक झटका. हा झटकाच त्या युक्तीचा प्राण होता. फुगा हळूहळू ओढला तर पडद्याचा पदर ताणला जातो आणि फुगा निसटताच पुन्हा जागेवर येतो. झटक्याने ओढला तर तो पदर फाटतो. पण तो झटका उजव्या कप्प्यातच, शिरेच्या मुखाशी पोचण्याआधी थांबला पाहिजे, अन्यथा शीरच फाटावयाची. म्हणजे मनगटाच्या एका हालचालीत पूर्ण जोर आणि पूर्ण आवर, दोन्ही एकवटलेले असावे लागतात. फुगा कोणत्याही अडथळ्यावाचून इकडून तिकडे जाऊ लागेपर्यंत ही कृती पुन्हा करावयाची. नवजात बालकाचा पडदा कोवळा असतो म्हणून हे साधते. काही आठवड्यांनी तो निबर झाला की फुग्याला दाद देत नाही.

ज्यांनी ही कृती केली आहे किंवा पाहिली आहे ते सांगतात की, बालकाच्या ओठांचा रंग काही मिनिटांतच पालटू लागतो. बालक पूर्ण बरे होत नाही, वाहिन्या उलट्याच राहतात. पण त्याला मुदत मिळते. त्या मुदतीत ते वाढते, शस्त्रक्रियेस समर्थ होते. पुढे साओ पाउलोच्या जातेने यांनी १९७५ साली दोन्ही महावाहिन्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया केली. टोरंटोतील संशोधकांनी दाखवून दिलेल्या औषधाने गर्भकालीन नलिका उघडी ठेवणेही शक्य झाले. तरी रॅशकिंडचा फुगा अजून निवृत्त झालेला नाही. जगातील कोणत्याही मोठ्या बालहृदयविभागात तो आजही जवळ ठेवलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी ती कृती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाहणारा वैद्य त्या दिवशी करणारा झाला, आणि फोर्समनचा मूळ हेतू, ज्याला तीन तपांहून अधिक काळ कोणी विचारले नव्हते, तो अखेर बालकांच्या बाबतीत सिद्धीस गेला.

छिद्र पाडणे साधले, आता छिद्र बुजवणे साधावयाचे होते. आणि ते फार अधिक अवघड निघाले. पहिले यश आले ते पूर्व बर्लिनमध्ये, त्याच शारिटे रुग्णालयात, जेथे फोर्समनला थारा मिळाला नव्हता. शहराला दुभंगणारी भिंत त्या रुग्णालयाला लागूनच उभी होती. तेथे वेर्नर पोर्स्टमन यांनी १९६७ साली गर्भकालीन नलिका बुजवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. मांडीच्या धमनीतून घातलेल्या तारेने महारोहिणीतून त्या नलिकेत, तेथून फुप्फुसधमनीत, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून खाली आणि मांडीच्या शिरेतून बाहेर अशी संपूर्ण प्रदक्षिणा घालावयाची. मग त्या तारेवरून स्पंजासारख्या पदार्थाचा नेमका घडवलेला बोळा धमनीच्या बाजूने आत सरकवीत नलिकेत घट्ट बसवावयाचा. युक्ती अव्वल होती आणि जपानमध्येही तिचा बराच प्रसार झाला. पण बोळा जाईल एवढी रुंद धमनी लहान मुलाला कोठून असणार? ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच ती लागू पडत नव्हती.

न्यू ऑर्लिन्स येथे बालहृदयतज्ज्ञ टेरी किंग आणि शस्त्रवैद्य नोएल मिल्स या दोघांनी वरच्या कप्प्यांमधील छिद्रासाठी दोन छत्र्यांचे उपकरण बनवले. पोलादी काड्यांवर विणलेले कापड ताणलेली एक छत्री पडद्याच्या डाव्या बाजूस उघडावयाची, दुसरी उजव्या बाजूस, आणि दोहोंची मध्यभागी सांगड घालावयाची. १९७५ च्या एप्रिलमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीच्या हृदयात ते प्रथम बसवले गेले. हे उपकरण ज्या नळीतून न्यावे लागे तिचा व्यास साडेसात मिलिमीटरांहून अधिक होता. मोजक्याच रुग्णांवर त्या उपकरणाचा उपयोग झाला आणि प्रयोग थांबला. परंतु त्या छत्र्यांनी आपले काम चोख बजावले होते, हे पाव शतकानंतर त्याच रुग्णांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा दिसून आले.

रॅशकिंड यांनी या कामातही हात घातला. १९७९ साली साडेतीन किलो वजनाच्या बालकाची गर्भकालीन नलिका त्यांनी लहानशा छत्रीने बंद केली. त्या पहिल्या छत्रीला आकडे होते. ते रक्तवाहिनीच्या भिंतीत रुतत आणि छत्री जागेवर राही, पण चुकून भलत्याच जागी रुतली तर ती सोडवून परत घेण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी आकडे काढून दोन चकत्यांची रचना केली. १९८६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे हे उपकरण युरोपात वापरात येऊ लागले होते.

या दरम्यान फुग्याचे शास्त्रही पुढे गेले. झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी स्वयंपाकघरातील मेजावर घडवलेला फुगा रॅशकिंडच्या फुग्यासारखा मऊ नव्हता. तो ठरावीक आकारापलीकडे फुगत नसे आणि म्हणूनच आकसलेल्या जागेवर चहूबाजूंनी सारखा दाब देई. प्रौढांच्या हृदयधमन्यांसाठी १९७७ साली त्याचा प्रथम उपयोग झाला. जॉन्स हॉपकिन्समधील जीन कॅन यांनी १९८२ मध्ये तोच न्याय मुलांच्या फुप्फुसधमनीच्या जन्मतः चिकटलेल्या झडपेला लावला: फुगा झडपेत आडवा ठेवून फुगवला, चिकटलेल्या पाकळ्या सुटल्या, आणि कप्प्यातील चढलेला दाब उतरला. या झडपेसाठी मुलाची छाती उघडण्याची वेळ त्यानंतर क्वचितच येऊ लागली. काही वर्षांतच महारोहिणीच्या झडपेवर आणि तिच्या आकुंचित भागावरही फुग्याचा अंमल बसला. बॉस्टनच्या जेम्स लॉक यांनी दिल्लीतील खलीलुल्ला, सावित्री श्रीवास्तव आणि बहल या भारतीय डॉक्टरांसमवेत, सांधेतापामुळे हृदयाची झडप आकसलेल्या मुलांवर व तरुणांवर हाच उपाय करून त्याचा वृत्तान्त १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. तो रोग जन्मजात नव्हे; पण पाश्चात्त्य देशांत जो विरळ झाला होता आणि आपल्याकडे कोवळ्या वयात झडपा निकामी करीत होता, त्या रोगावर ही विद्या भारतात इतक्या लवकर पोचली, याची नोंद ठेवणे योग्य वाटते.

याच लॉक यांनी शिंपल्यासारखी मिटणारी नवी दुहेरी छत्री तयार केली आणि १९८९ च्या सुमारास ती शेकडो मुलांच्या हृदयांत बसवली गेली. निष्कर्ष उत्तम दिसत होते. मग क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दिसू लागले की, छत्रीच्या बारीक पोलादी भुजा मोडत आहेत. मुलाचे हृदय मिनिटाला शंभर ठोके देत असेल तर वर्षाला पाच कोटींहून अधिक वेळा ती भुजा किंचित वाकते आणि सरळ होते. धातू कितीही चांगला असला तरी त्याच्या सहनशक्तीला सीमा असते. मोडलेल्या भुजांमुळे फार थोड्या मुलांना प्रत्यक्ष अपाय झाला, तरी १९९१ साली तो प्रयोग तहकूब करण्यात आला. हे प्रकरण या इतिहासात दोन ओळींत उरकले जाते. मला ते त्यातील अत्यंत बोधप्रद प्रकरण वाटते. उपकरणाचा दोष लपवला गेला नाही, बसवलेल्या प्रत्येक छत्रीचा माग ठेवला गेला, आणि कप्प्यांमधील छिद्र बुजवणे म्हणजे नुसते कापड ताणणे नव्हे, तर धातूच्या थकव्याशी जन्मभराचा करार करणे आहे, हे सर्वांना कळून चुकले.

त्या कराराला योग्य असा धातू तोवर अस्तित्वात आलेला होता. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू सापडला होता, ज्याला तापवून एकदा आकार दिला की तो कितीही दुमडला तरी सोडताच मूळ आकारात येतो. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि मिनेसोटा विद्यापीठात क्ष-किरणशास्त्राचे काम करणारे कुर्ट अँप्लाट्स यांनी त्या धातूच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी विणून तिला दोन चकत्या आणि मध्ये कंबर असा आकार दिला, आतून पॉलिस्टरचे कापड भरले, आणि ती एका तारेच्या टोकाला मळसूत्री पेचाने जोडली. ओढली की ती बारीक नळीत मावेल अशी लांब होते. नळीबाहेर येताच चकत्या आपोआप फुलतात, आणि कंबर छिद्र भरून टाकते. जागा चुकली तर तार मागे ओढून सर्व जाळी पुन्हा नळीत घेता येते. पेच सोडेपर्यंत काहीच अखेरचे नसते. रॅशकिंडच्या आकड्यांनी जी मुभा नाकारली होती ती अँप्लाट्सच्या पेचाने दिली, आणि माझ्या मते या उपकरणाच्या यशाचे निम्मे श्रेय त्या एका पेचाला आहे. १९९५ साली स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे योझेफ मासुरा यांनी ते प्रथम रुग्णांत बसवले. २००१ साली अमेरिकन सरकारची मंजुरी मिळाली. त्याच जाळीचे निराळे घाट गर्भकालीन नलिकेसाठी आणि खालच्या कप्प्यांमधील छिद्रांसाठीही निघाले. दोष याही जाळीत निघालेच: क्वचित तिच्या कडेने हृदयाची भिंत घासली जाई, आणि खालच्या पडद्याच्या वरच्या भागातील छिद्रात बसवली असता हृदयाचे ठोके चालवणारा तंतू दबून काही मुलांचे ठोके मंदावले. त्या जागेबाबत आजही अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेकडेच बोट दाखवतात.

अशा जाळीचा आणखी एक घाट अगदी निराळ्या ठिकाणी घडला. बोलिव्हियातील ला पाझ हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० मीटर उंचीवर आहे, आणि एवढ्या उंचीवरील विरळ हवेत जन्मलेल्या मुलांत गर्भकालीन नलिका उघडी राहण्याचे प्रमाण पुष्कळच अधिक असते. तेथील बालहृदयतज्ज्ञ फ्रांत्स फ्रॉइडेंथाल यांना ती बुजवण्यासाठी असे उपकरण हवे होते, जे अनेक तुकडे जोडून नव्हे तर एकाच अखंड तारेने विणलेले असेल. असे विणकाम यंत्राने साधेना. परंतु त्या पठारावरील आयमारा स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या लोकरीची टोपडी आणि वस्त्रे विणत आलेल्या. त्यांतील काहीजणींना त्यांनी हे काम शिकवले. स्वच्छ केलेल्या बंद खोलीत, डोक्यावर टोप्या आणि तोंडावर पट्टी बांधून, त्या स्त्रिया केसाएवढी तार सुईवर घेऊन मुलांच्या हृदयात बसवावयाच्या जाळ्या हाताने विणतात, आणि त्या जाळ्या अन्य देशांतही जातात.

आपल्याकडे दरवर्षी सुमारे दोन लाख बालके हृदयातील जन्मजात व्यंग घेऊन जन्मतात असा अंदाज आहे, आणि मुंबईत अशा मुलांवर नळीच्या वाटेने उपचार करणाऱ्यांची एक चांगली परंपरा निर्माण झाली आहे. भरत दळवी आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली एक युक्ती प्रसिद्ध केली, ती मला विशेष उल्लेखनीय वाटते. वरच्या पडद्यातील छिद्र फार मोठे असले म्हणजे जाळीची डावी चकती तिरकी होऊन छिद्रातून उजवीकडे घसरते. तेव्हा उजव्या बाजूस एक फुगा फुगवून ठेवावयाचा, चकतीला त्याचा टेका द्यावयाचा, दुसरी चकती उघडली की फुगा हलकेच रिकामा करावयाचा. फुगा आणि जाळी, या विद्येच्या दोन्ही शाखा येथे एका कृतीत एकत्र आल्या. प्रश्न राहिला तो पैशाचा आणि वेळेवर निदान होण्याचा. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला. अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करणारी पथके तेव्हापासून हृदयातील व्यंगांचाही शोध घेतात, आणि शासकीय योजनांतून अनेक मुलांना उपकरणाचा खर्च मिळतो. पण जे मूल धापा टाकत दूध पिते, घामाघूम होते, वजन धरत नाही, त्याच्या छातीला नळी लावून कोणी नीट ऐकले तरच पुढचे सर्व शक्य होते; आणि आदिवासी पाड्यांवर ते ऐकणारा कान अजून पुरेसा पोचलेला नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

झडपांच्या बाबतीतही ही विद्या थांबलेली नाही. पॅरिसच्या नेकेर बालरुग्णालयात फिलिप बोनहोफर यांनी २००० साली गाईच्या मानेतील शिरेची झडप धातूच्या जाळीत शिवून, ती नळीतून नेऊन एका बारा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसधमनीच्या मार्गात बसवली; शिरेतून नवी झडप बसवण्याची मानवातील ती पहिलीच वेळ. प्रौढांच्या महारोहिणीची झडप अशा रीतीने बदलण्याचा जो प्रघात आज सर्वत्र पडला आहे तो त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाला, म्हणजे या बाबतीत वडीलधाऱ्यांनी मुलांच्या पावलावर पाऊल टाकले. आणि पोर्स्टमन यांचा बोळा ज्या नलिकेसाठी केवळ मोठ्या वयातच चालत होता, त्याच नलिकेसाठी वाटाण्याहूनही लहान अशी जाळी २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झाली. मुदतीआधी जन्मलेल्या, तीन दिवसांच्या आणि ७०० ग्रॅम वजनाच्या बालकालाही ती बसवता येते. धमनीला हात लावावयाचा नाही, मांडीच्या शिरेतूनच जावयाचे. आणि काही ठिकाणी तर बालकाला काचपेटीच्या विभागातून हलवीतही नाहीत, ध्वनिलहरींच्या पडद्यावर पाहत तेथेच नलिका बंद करतात.